जुनी विमा कचेरी: गर्डर-कमानीचं छत गळतंय, काय करावं?

प्रश्न (चौकट७): संभाजीनगरच्या जुन्या शहरातली दुमजली विमा कचेरी. खालचा मजला काळ्या दगडाचा, चुन्यातला, वरचा विटांचा. छत लोखंडी गर्डरचं, मध्ये विटांच्या बुटक्या कमानी. दर्शनी बाजूला मात्र सिमेंटच्या उभ्या पट्ट्या, गोल कोपरा आणि छज्जे. गर्डरखालचा गिलावा पट्टीपट्टीने सुटतोय आणि तळमजल्याला कंबरेएवढा लोणा (ओलीबरोबर आलेला पांढरा क्षार) चढलाय. ठेकेदार म्हणतो, सगळा गिलावा सिमेंटचा करू, गच्चीवर डांबरी शीट चिकटवू. ऐकावं का? आणि ही आर्ट डेको (१९३० च्या आसपासची, उभ्या पट्ट्या-गोल कोपऱ्यांची शैली) म्हणायची का?

उत्तर (दगडमाती): चेहरा आर्ट डेको, अंग जुनंच. मुंबईची न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स (१९३६, मास्टर-साठे-भुता, शिल्पं ना. ग. पानसरे यांची) आरसीसीची (सळया घातलेल्या काँक्रीटची) आहे, तिथल्या उभ्या पट्ट्या इमारतीबरोबरच उभ्या राहिल्या. तुमच्याकडे त्या दगड-विटांच्या अंगावर चढवलेल्या दिसतात. पट्टी आणि भिंत यांच्या सांध्यात चीर असेल तर नक्कीच मागाहूनच्या.

काळ ठरवायला गर्डरची मधली उभी पाटी घासून बघा. 'डोर्मन लाँग' अशी उठावाची अक्षरं निघाली तर माल इंग्लंडचा. 'टाटा' निघाला तर १९१२ च्या आधीचा असू शकत नाही. कोनशिलेवर फसली साल (निजामाच्या राज्यातलं महसुली वर्ष) असेल तर त्यात ५९० मिळवा, ऑक्टोबरपूर्वीचा महिना दिला असेल तर ५९१: १३४८ फसली म्हणजे १९३८-३९. निजामाच्या काळातली मिळकतीची कागदपत्रं बहुधा उर्दूत असतील, वाचणारा माणूस सोबत न्या. आणि दर्शनी बाजूच्या नावाच्या पाटीमागचा गिलावा फोडण्याआधी हलक्या हाताने तासा. १ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी झाली तेव्हा १५४ भारतीय आणि १६ परदेशी कंपन्या, शिवाय ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या तिच्यात गेल्या. त्यातल्या एखादीचं नाव खाली दडलेलं असू शकतं.

उत्तर (टेकू): गिलाव्याआधी गर्डर बघा. गंज फुगतो, मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो आणि गर्डरच्या खालच्या पाटीला टेकलेली वीट उचकटतो. म्हणून गिलावा पट्टीने पडतो. वरून पुन्हा सिमेंट थापलं तर दोन-तीन पावसाळ्यांत तेच.

आधी टेकू द्या. मग गर्डरची खालची पाटी उघडी करून तारेच्या ब्रशने घासा आणि जाडी तीन ठिकाणी मोजा: दोन्ही टोकांना आणि मध्यावर. भिंतीत शिरलेलं टोक सर्वांत आधी कुजतं आणि तेच कोणी बघत नाही. जाडी घटली असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून गणित करून घ्या. जुन्या पोलादात गंधक-फॉस्फरस जास्त असू शकतं, त्यामुळे नमुना तपासल्याशिवाय वेल्डिंग नको; नट-बोल्टच्या पट्ट्या बऱ्या.

एक कमान काढून दुसरी तशीच ठेवणं सर्वांत धोक्याचं. शेजारच्या कमानी एकमेकींचा आडवा रेटा तोलून धरतात. शेवटच्या खणातल्या आडव्या सळया त्यासाठीच असतात. 'मध्ये येतात' म्हणून कापू देऊ नका.

उत्तर (कळीचाचुना): ठेकेदाराला थांबवा. सिमेंटचा गिलावा ओल बाहेर सोडत नाही, मग ती वर चढते आणि क्षार घेऊन येते, तोच लोणा. जुना सिमेंटचा थर छिन्नी-हातोडीने काढा, ब्रेकर नको, दगडाच्या कडा उडतात. सांधे इंचभर खोल मोकळे करून चुन्यानेच भरा.

गिलाव्याला किमान तीन आठवडे भिजवलेला कळीचा चुना, त्याच्याएवढीच सुरखी (भाजक्या विटांची पूड) आणि दीडपट वाळू. एक थर १२ ते १५ मिलिमीटर, पुढचा थर आठवड्याने. गोणपाट ओलं ठेवा.

गच्चीवर डांबरी शीट उन्हाने फुगते आणि पाणी खाली अडकतं. त्यापेक्षा चुना-विटांचा कोबा (चुन्यात विटांचे तुकडे घालून ठोकलेला थर), उतार दर पाच फुटाला एक इंच. पण आधी पन्हाळी (पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या) मोकळ्या करा. निम्मी गळती तिथूनच असते.

चौकट७: छज्ज्यांचं काय? आणि मे महिन्यात काम घेतलं तर?

टेकू: छज्जा आरसीसी असेल तर ताज्या तोडलेल्या जागी फिनॉल्फ्थॅलिन (काँक्रीटचा अल्कलीपणा दाखवणारं रसायन) शिंपडा. गुलाबी झालं तर तिथलं काँक्रीट अजून सळईला जपतंय. रंग आला नाही तर सळईपर्यंत उघडून बघा.

कळीचाचुना: मेमध्ये चुना नको, घट्ट होण्याआधीच सुकतो आणि भुगा होतो. गर्डर आणि पन्हाळी उन्हाळ्यात उरका, गिलावा दसऱ्यानंतर.