‘मुक्तस्रोत’, ‘खुला स्रोत’ आणि मधलं ते काय?

दादर: सॉफ्टवेअरच्या निविदेच्या मराठी मसुद्यात ‘ओपन सोर्स’ला (कोड कोणालाही वाचता, बदलता, वाटता येतो ते) ‘मोफत’ आणि ‘प्रोप्रायटरी’ला (तशी मुभा नसलेलं) ‘मालकीचे’ असं लिहिलंय. चालेल का?

पवई: दोन्ही नकोत. ‘मोफत’ किमतीचं सांगतो. परवाना फुकट असला तरी देखभालीचं बिल येतंच. ‘मालकीचे’ तर सरळ चूक. लिनक्स या मुक्त प्रणालीच्या गाभ्यालाही, म्हणजे कर्नेललाही, मालक आहेत, हजारो. कॉपीराइट आहे म्हणूनच जीपीएल या त्याच्या परवान्याच्या अटी लागू होतात. पुस्तकात ‘सर्व हक्क राखीव’ छापतात ना, तिथून ‘हक्कराखीव’ घ्या. नुसतं ‘राखीव’ नको, लोकलचा डबा डोळ्यांपुढे येतो.

गिरगाव: आधी शुद्धलेखन बघा. ‘स्रोत’मध्ये त एकच, शेवटचा, ‘स्त्रोत’ चूक. मसुद्यात दोन्ही रूपं असली की शोधताना निम्मे उल्लेख सुटतात. बदलताना ‘स्त्रोत’ हा अख्खा शब्द टाका. नुसतं ‘स्त्र’ टाकलंत तर ‘शास्त्रोक्त’चं ‘शास्रोक्त’ होऊन बसेल.

दादर: केलं. मग ‘मोफत’ऐवजी ‘मुक्तस्रोत’ लिहितो. ‘मुक्तस्रोत’ आणि ‘खुला स्रोत’ एकच धरू?

पवई: इथेच गाडी अडते. रेडिस हे डेटा साठवायचं सॉफ्टवेअर घ्या. त्याची ७.२ आवृत्ती बीएसडी या मुक्त परवान्याखाली आहे. मार्च २०२४मध्ये धोरण बदललं, ७.४चा कोड कोणीही वाचावा, पण तीच सेवा चालवून विकायला आडकाठी. लगेच जुन्या मुक्त कोडवरून व्हॅल्की हा वेगळा प्रकल्प, म्हणजे फाटा, फुटला. पुढे रेडिस ८ला एजीपीएल या मुक्त परवान्याचा पर्याय दिला. नाव तेच, आवृत्तीगणिक वर्ग वेगळा! मधल्या प्रकाराला ‘खुला’ म्हटलंत तर पुरवठादार तोच मुक्त म्हणून पुढे करील. मी ‘वाचनखुला’ सुचवीन.

गिरगाव: ‘वाचनखुला’ ऐकून ग्रंथालय वाटतं. पण दुसरा सुचत नाही.

दादर: टेराफॉर्म, सर्व्हर उभारायचं ते साधन, तेही त्यातच?

पवई: १.५पर्यंत मुक्त, १.६पासून बीएसएल, म्हणजे वापरावर बंधन घालणारा परवाना. पण बीएसएलला मुदत असते: टेराफॉर्मची प्रत्येक आवृत्ती प्रकाशनानंतर चार वर्षांनी एमपीएल या मुक्त परवान्याखाली येते. त्याला ‘मुदतबंद’ म्हणा.

दादर: म्हणजे करार चालू असतानाच शब्द खोटा ठरायचा?

पवई: ठरू शकतो. म्हणून व्याख्येच्या कलमात शब्दापाशी तीन गोष्टी लिहा: आवृत्ती, परवान्याचं पूर्ण नाव, बदलाची तारीख.