हॅलोवीनला मोठ्यांची सोंगं, घरच्या घरी

नमस्कार मंडळी,

यंदा ३१ ऑक्टोबर शनिवारी आलाय. इथे न्यू जर्सीत आमच्या गल्लीतल्या शेजाऱ्यांनी मुलांची दारोदार खाऊ मागायची फेरी झाल्यावर मोठ्यांची पार्टी ठेवली आहे आणि वेशभूषा सगळ्यांनाच सक्तीची आहे. दरवर्षी मुलांचं करण्यात आमचं राहूनच जातं. दुकानात तयार वेश पाहिले, पण कापड इतकं पातळ की दुसऱ्यांदा घालायच्या लायकीचं राहणार नाही. घरी काही करता येईल का? शिलाई मशीन नाही. नवऱ्याला चष्मा आहे, त्यामुळे मुखवटा नको म्हणतो. तीन आठवडे हातात आहेत.

– साउथ ब्रन्स्विक

*

अगं, तीन आठवडे पुष्कळ झाले. मशीनही लागणार नाही. मंडळाच्या नाटकांचे कपडे मी बरीच वर्षं सांभाळते, त्यावरून सांगते. मोठ्या माणसाचा वेश अंगात घालून आधी खुर्चीवर बसून बघायचं, मग चहा पिऊन बघायचा आणि मग गाडीत शिरून. या तिन्हीत पास झाला तरच तो संध्याकाळभर अंगावर टिकतो.

नवऱ्याला संकासुर कर. मी गुहागरकडची. आमच्याकडे शिमग्यात संकासुर दारात यायचा तेव्हा आम्ही आईच्या पदरात लपायचो. अंगात काळे कपडे, डोक्यावर उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. सोंगं दारोदार फिरायची आणि पोस्त मागायची. आयर्लंड-स्कॉटलंडमध्येही लोक या दिवसांत वेश पालटून घरोघर फिरत, तिथूनच ही पद्धत अमेरिकेत आली. म्हणजे संकासुर इथल्या दारात उभा राहिला तर परका अजिबात वाटणार नाही.

कपडे: जुन्या कपड्यांच्या दुकानातून सगळ्यात मोठ्या मापाचे दोन काळे टीशर्ट आण. एक तसाच घालायचा. दुसऱ्याचा खालचा भाग कापून पहिल्याच्या कडेला आतून हातटाक्यांनी जोड, म्हणजे झगा गुडघ्याखाली येईल. त्याच्या बाह्या फेकू नकोस, टोपीला लागतील.

टोपी: पोस्टर बोर्डचा शंकू वळ. उंची १८ इंचांपेक्षा जास्त नको, नाहीतर दारातून जाताना प्रत्येक वेळी वाकावं लागेल. वर वर्तमानपत्राच्या इंचभर रुंद पट्ट्या खळीने चिकटव. एक वाटी मैद्याला चार वाट्या पाणी, मंद आचेवर सतत ढवळत शिजवायचं, चमच्याच्या पाठीवर थर धरला की उतरवायचं. आजी कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करायची तेव्हा कीड लागू नये म्हणून त्यात भिजवलेल्या मेथ्या वाटून घालायची. मी खळीतही घालते, अजून एकाही टोपीला कीड लागलेली नाही. एक थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नकोस. एका प्रयोगाच्या वेळी मी घाईने चार थर एकदम दिले. वरून टणक झाली, आतून ओलीच. तिसऱ्या दिवशी वास यायला लागला आणि उघडून पाहिलं तर आत बुरशी. तीन थर तीन दिवसांत दे, वर बाह्यांचं काळं कापड ओढून बसव, आतून जुना हेअरबँड शिवून टाक.

दाढी: पांढऱ्या ॲक्रिलिक लोकरीचे फूटभर तुकडे काप. दुमडून इलॅस्टिकवर एकेक गाठ मारत जा, अगदी दाटीने. मग जाड दातांच्या कंगव्याने विंचर. लोकरीचे पीळ सुटले की ती इतकी फुलते की तुलाच खरं वाटणार नाही! इलॅस्टिक कानांवरून घ्यायचं, म्हणजे चष्म्याला अडचण नाही.

तू हडळ हो. केस मोकळे, साधी पांढरी साडी, आणि सगळी कमाल पायांत. जुन्या कॅनव्हास बुटांचा पुढचा अर्धा भाग काप, त्यात कागद कोंब आणि आपल्या काळ्या बुटांच्या टाचेला मागे तोंड करून वेल्क्रोने लाव. साडीचा काठ घोट्याच्या जरा वर ठेव. चार पावलं चाललीस की लोकांचं लक्ष आपोआप खाली जाईल.

– काकू, पिस्कॅटवे

*

काकूंच्या मेलला थोडी पुस्ती जोडतो. आपल्याकडे ३१ ऑक्टोबरला सहाच्या आत सूर्य मावळतो. काळ्या कपड्यातला माणूस गाडीवाल्याला दिसतच नाही. मुलांच्या पाठीवर आपण चकाकणारी पट्टी लावतो आणि स्वतः अंधारात रस्ता ओलांडतो. झग्याच्या पाठीला आणि दोन्ही बाह्यांना पट्टी लावाच. दुसरं म्हणजे लोकरीची दाढी आणि साडीचा पदर दारात ठेवलेल्या कोरीव भोपळ्यातल्या मेणबत्तीपासून लांब ठेवा. ॲक्रिलिक वितळून कातडीला चिकटतं. शेजाऱ्यांना आधीच बॅटरीचे दिवे ठेवायला सांगा.

चेहरा रंगवणार असाल तर चित्रकलेचे ॲक्रिलिक रंग नकोत, बाटलीवर विषारी नाही असं लिहिलेलं असलं तरी. ते कागदासाठी असतात. चेहऱ्याचेच रंग घ्या आणि दोन-तीन दिवस आधी हातावर लावून बघा.

आणखी एक सुचवतो: संकासुराऐवजी वासुदेव का नाही? मोरपिसांची टोपी, टाळ, चिपळ्या. सुंदर दिसेल.

– एडिसनचे काका

*

पट्टीचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. फार बरं झालं तुम्ही सांगितलंत.

वासुदेवाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. वासुदेव पहाटे देवाचं नाव घेत दारी येतो आणि ते आजही काही घरांचं पोट आहे. भुताखेतांच्या रात्री हाडाच्या सापळ्याशेजारी त्याला उभं करणं मला पटत नाही. दिवाळी पहाटेला आपल्याच मंडळात करू, दोन गाणी पाठ करून, आणि तेव्हा टोपी मी स्वतः करून देईन. संकासुर मुळातच असुर, तो मुलांना घाबरवायलाच येतो. त्याला ही रात्र शोभते. इथल्या आदिवासींचा पिसांचा मुकुट कुणी सोंग म्हणून घालू नये असं आपण मुलांना सांगतो, तोच नियम घरच्यांनाही लावावा.

– काकू

*

काका, काकू, मंडळी,

काल रात्री साडेबाराला घरी आलो. सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं आणि सगळं टिकलं! टोपी वाळायला एकेका थराला दीड दिवस लागला, शेवटी पंखा लावला. दाढीला तीन संध्याकाळी गेल्या. गाठी मारायला मुलगी शेजारी बसली आणि तिने संकासुर कोण हे इतक्यांदा विचारलं की शेवटी सासऱ्यांना फोन लावला. त्यांनी तासभर शिमग्याचं सांगितलं. नवऱ्यालाही ते सगळं नवीन होतं.

जिना उतरताना मागचे पंजे पायऱ्यांवर आपटतात, तोल जातो. वेल्क्रो होतं म्हणून काढून हातात घेता आले. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. जेवताना दाढीचं इलॅस्टिक एका कानावरून सोडलं की झालं. आणि आत थर्मल घातलेले बरे, बाहेर चांगलीच थंडी होती.

प्रत्येकाने विचारलं, तू कोण? नवरा एरवी पार्टीत फार बोलत नाही. काल तो घुंगरं वाजवत प्रत्येकाला गुहागरच्या शिमग्याचं सांगत होता.

काकू, तुमची घुंगरं पुढच्या रविवारी मराठी शाळेत आणून देते. एक घुंगरू सैल झालंय, शिवूनच आणते.

– साउथ ब्रन्स्विक