शिक्षा ठरण्याआधी आरोपीच्या घरी जाऊन येणारी नोकरी : मुलामुलींनी यात यावं का?

कळवा_पूर्व

गेल्या आठवड्यात ठाण्यातल्या एका कॉलेजात करिअर मार्गदर्शनासाठी बोलावलं होतं. माझं काम सांगून झाल्यावर एका मुलीने विचारलं, "मॅडम, म्हणजे तुम्ही गुन्हेगाराला सोडवता?" मी उत्तर दिलं, पण ते अर्धवट राहिलं असं घरी येताना वाटत राहिलं. म्हणून इथे लिहितेय.

मी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी केलीय. सहा वर्षं एका संस्थेत दोषी ठरलेल्या माणसांची पार्श्वभूमी शोधून अहवाल लिहिते. खटला चालून 'दोषी' असा निकाल लागला की शिक्षेच्या मुद्द्यावर वेगळी सुनावणी असते. आधी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 235(2) मध्ये होती, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या 258(2) मध्ये आहे. प्रत्यक्षात काय होतं? न्यायाधीश विचारतात, "शिक्षेबद्दल काही सांगायचंय?" पिंजऱ्यातला माणूस हात जोडून म्हणतो, "साहेब, घरी म्हातारी आई आहे, दया करा." एवढंच. कित्येकदा दहा मिनिटांत सगळं आटोपतं. म्हातारी आई सगळ्यांनाच असते हो. त्यावरून न्यायाधीशांना काय कळणार?

ते कळावं म्हणून आम्ही फिरतो. भिवंडीतला एक मुलगा, वय वीस, तांब्याच्या वायरची चोरी. परिविक्षा म्हणजे दोषी माणसाला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडणं. तो परिविक्षा कायदा 1958 सालचा आहे. त्याच्या कलम 6 प्रमाणे एकवीस वर्षांखालच्याला तुरुंगात पाठवण्याआधी न्यायालयाने परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावाच लागतो. जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळलेत. तर अधिकाऱ्यांच्या मदतीला मी गेले. आई म्हणाली, "तो लहानपणापासून असलाच आहे." वडील बोललेच नाहीत. जव्हारकडच्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टर उघडलं, तर पाचवीत मध्येच नाव कमी केलेलं. त्याच महिन्यात वडिलांचा हात यंत्रमागात गेला होता, हे दवाखान्याच्या केसपेपरवरून जुळलं. घरातल्या कुणालाच ही दोन टोकं एकत्र जोडता आली नव्हती. पुढे त्याचा जुना गाळामालक त्याला परत कामावर घ्यायला लेखी तयार झाला. मुलगा चांगल्या वागणुकीच्या बंधपत्रावर सुटला.

आणि दुसरं सांगते, कारण पहिलंच ऐकून लोक परततात. मुंब्र्याच्या पलीकडे दोषी ठरलेल्या एकाच्या घरी सगळे एका सुरात म्हणाले, "देवमाणूस आहे." सासूसुद्धा. खाली नळावर हंडा भरणारी बाई मात्र हळूच म्हणाली, "वहिनी गॅलरीत का येत नाही, ते विचारा." मी तीनदा गेले. चौथ्यांदा वहिनी बोलली. अहवालात मी ते सगळं लिहिलं, त्याच्या विरोधात जाणारं. मला कुणाला सोडवायचं नसतं. न्यायाधीशांसमोर एक पूर्ण माणूस उभा राहावा, इतकंच हवं असतं.

माझं म्हणणं एवढंच की हे काम पक्क्या नोकरीचं व्हावं. आज माझा करार अकरा महिन्यांचा आहे. चांगली मुलं दोन वर्षं टिकतात आणि कंपनीच्या एचआरमध्ये निघून जातात.

कोपरीचा_फौजदार (निवृत्त)

ताई, तुमच्या मेहनतीला नमस्कार. पण मी चौतीस वर्षं खात्यात काढली, तेव्हा स्पष्ट बोलतो.

असे अहवाल मी वाचलेत. प्रत्येकात बाप दारुडा, आई धुणीभांडी करणारी, शाळा सुटलेली. वागळे इस्टेटमधल्या एका चाळीत आम्ही ज्याला तीनदा उचललं, त्याचा सख्खा भाऊ टीएमटीत कंडक्टर झाला. बाप तोच, खोली तीच. मग अहवाल कुणाचा लिहायचा? जो बिघडला त्याच्या बालपणाची चौकशी करायला सरकारी पैशाने माणूस जाणार, आणि जो सरळ राहिला त्याला कुणी विचारणार नाही.

दुसरं. मी पंचनामा करतो तेव्हा बचावाचा वकील मला दोन दोन तास उलटतपासणीत उभा करतो. एक वेळ चुकली तरी धुतला जातो. तुमचा अहवाल कोण तपासतो? परिविक्षा कायद्यातच तो गोपनीय म्हटलाय. ज्याची तपासणी नाही तो पुरावा मी मानत नाही. त्यावर मुलामुलींचं करिअर उभं करू नका.

बेलापूर_बार_रूम

फौजदारसाहेब, गोपनीयतेबद्दल अर्धं बरोबर, अर्धं नाही. कलम 7 प्रमाणे अहवाल गोपनीय असतो, पण त्याचा सारांश न्यायालय आरोपीला सांगू शकतं आणि त्यावर पुरावा आणायची संधी देऊ शकतं. 'देऊ शकतं' हे शब्द मलाही खुपतात. अमेरिकेच्या फेडरल न्यायालयांत असा अहवाल परिविक्षा अधिकारीच लिहितो. तिथे तो शिक्षेच्या निदान 35 दिवस आधी दोन्ही बाजूंना द्यावा लागतो आणि 14 दिवसांत लेखी आक्षेप घेता येतात. आपल्याकडे असं काही घट्ट वेळापत्रक हवं, हे तुमचं म्हणणं मी मान्य करतो.

भावाबद्दल मात्र नाही. भावाला कोणी शिक्षा देणार नाहीये, म्हणून त्याचा अहवाल नाही. ज्याच्या आयुष्यातली वर्षं सरकार काढून घेणार, त्याच्याबद्दल सरकारने माहिती काढायची. चांगला अहवाल लिहिणारा त्या कंडक्टर भावालाही भेटतो, आणि तो काय म्हणाला ते लिहितो.

कळव्याच्या ताई, तुमच्या लिखाणात दोन वेगळी कामं एकत्र झालीत. परिविक्षा अधिकारी हा सरकारी माणूस, न्यायालयाला उत्तरदायी. मिटिगेशनचं, म्हणजे शिक्षा कमी व्हावी अशी कारणं शोधायचं काम करणारा हा बचावाच्या वकिलाच्या चमूतला. फाशीच्या खटल्यांत या दुसऱ्याची गरज जास्त. 1980 च्या बच्चन सिंग निकालात घटनापीठाने गुन्ह्याइतकंच गुन्हेगाराकडे बघायला सांगितलं. 2009 मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्याच बरियार प्रकरणात, हा माणूस सुधारू शकत नाही हे आधी स्पष्ट दिसायला हवं असं म्हटलं. तरी माहिती गोळा कोण करणार, हा प्रश्न उरलाच. मे 2022 च्या मनोज निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सत्र न्यायालयाच्या पातळीवरच परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल, तुरुंगातल्या वागणुकीचा अहवाल आणि मानसिक तपासणी मागवा. ऑगस्ट 2025 मध्ये नागपूरच्या दुपारे प्रकरणात तर, ही पद्धत पाळली नसेल तर फाशीच्या शिक्षेवर पुन्हा सुनावणीची वाट मोकळी केली. मागणी आहे. माणसं नाहीत.

ऐरोली_सेक्टर_चार

मी वकील नाही, पोलीस नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावर रात्री माझ्या धाकट्या भावाला गाडीने उडवलं. तो तिथेच गेला. खटला चालला, चालक दोषी ठरला. सहा महिने आणि दंड.

शिक्षेच्या दिवशी मी कोर्टात होते. त्याच्या वकिलाने सांगितलं, दोन लहान मुली आहेत, पहिलाच गुन्हा आहे, कर्ज आहे. सगळं खरं असेल. पण आमच्या घरी कुणीच आलं नाही. आई त्यानंतर झोपते का, बाबांनी दुकान का विकलं, हे कुणी विचारलं नाही. सरकारी वकिलांनी एक वाक्य म्हटलं, "कठोर शिक्षा व्हावी." भावाचं नावसुद्धा घेतलं नाही.

ताई, तुम्ही जव्हारच्या शाळेपर्यंत गेलात. ऐरोली तर तुम्हाला कळव्याहून जवळच.

कळवा_पूर्व

ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. तुम्ही म्हणता ते खरं आहे. सहा वर्षांत गमावलेल्या माणसाच्या घरी मी दोनदाच गेलेय, आणि दोन्ही वेळा माझ्या अहवालाची सोय म्हणून. तेही मी लिहून ठेवते इथे.

बेलापूर_बार_रूम

ऐरोलीच्या ताई, कायद्यात जे आहे तेवढं सांगतो. दिल्ली उच्च न्यायालयाने 2020 मध्ये करण या प्रकरणात पीडिताच्या बाजूचा, त्याच्यावर काय परिणाम झाला याचा अहवाल मागवायची पद्धत घालून दिली, नुकसानभरपाई ठरवण्यासाठी. बेदरकारीने गाडी चालवून जीव घेणाऱ्याला परिविक्षेचा फायदा सहसा देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालच्या दलबीर सिंग प्रकरणात सांगितलंय. तुमच्या खटल्यात नुकसानभरपाई अपुरी वाटत असेल तर त्यावर तुम्हाला अपील करता येतं. शिक्षा अपुरी आहे यावर मात्र पीडिताला अपिलाचा हक्क नाही, तो सरकारला आहे. हे मला चुकीचं वाटतं आणि मी ते कोर्टातही बोललोय.

सानपाड्याची_आई

माझी मुलगी देवनारला टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकते, शेवटच्या वर्षाला आहे. तिला हेच करायचंय. तिचे बाबा म्हणतात बँकेच्या परीक्षा दे. मोठ्या चर्चेतलं मला फार कळत नाही, पण विचारते. पोरगी एकटी कुणाच्याही वस्तीत जाणार का? कुठे अर्ज करायचा? पगार घर चालण्याइतका असतो का?

कळवा_पूर्व

काकू, एकटी अजिबात जायचं नाही. मी पहिल्या भेटीला त्या वस्तीतल्या आशा सेविकेला बरोबर घेते, दिवे लागायच्या आत परतते, आणि स्वतःचा घरचा पत्ता कुणाला देत नाही. एकदा एका आरोपीच्या काकाने दरवाजा लावून घेतला होता. दहा मिनिटंच, पण पुढचे चार दिवस झोप नव्हती. हे तिला आधी सांगा, मग ठरवू दे.

सरकारी वाट म्हणजे परिविक्षा अधिकारी. पद महिला व बालविकास विभागाचं, आयुक्तालय पुण्याला, जाहिरात तिथून निघते. पण वर्षानुवर्षं निघत नाही, म्हणून फक्त त्यावर बसू नका. अठरा वर्षांखालच्या मुलांचे खटले चालवणाऱ्या बाल न्याय मंडळाकडेही हेच काम असतं. मूल पहिल्यांदा मंडळासमोर आल्यापासून पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. पळापळ खूप, पण शिकायला त्यासारखी जागा नाही. तिच्याच संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प 1990 पासून आहे, ठाणे, कल्याण, तळोजा या तुरुंगांत त्यांचं काम चालतं. सुट्टीत तिला तिथे पाठवा. ठाण्याचा तुरुंग जुन्या किल्ल्यात आहे. तिथल्या मुलाखतीच्या रांगेत एक सकाळ उभी राहिली की तिला स्वतःलाच कळेल, जमेल की नाही.

पगाराचं खोटं बोलणार नाही. सहा वर्षांनी माझ्या हातात सव्वीस हजार येतात. सरकारी पदाला वेतनश्रेणी आहे, ते बरं. संस्थेतली नोकरी बँकेच्या जवळपासही नाही.

कोपरीचा_फौजदार (निवृत्त)

बंद दरवाज्याचं वाचलं. अशा वेळी स्टेशनला आधी कळवून जावं, आम्ही शिपाई देतो. कळवत का नाही तुम्ही लोक?

बाल न्याय मंडळाचं नाव निघालंच म्हणून. मे 2024 मध्ये पुण्याला कल्याणीनगरात दोन तरुण इंजिनीअर गाडीखाली गेले आणि सतरा वर्षांच्या पोराला 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. लोकांचा विश्वास इथे उडतो. तुमचे अहवाल असेच वापरले जाणार.

बेलापूर_बार_रूम

तो जामिनाचा आदेश होता, शिक्षेचा नव्हे. आणि घटनेनंतर काही तासांतच दिला गेला. म्हणजे पंधरा दिवसांचा तपासणी अहवाल यायच्या आधी. उलट मी म्हणेन, माहिती न घेता घाईने दिलेला आदेश कसा दिसतो ते सगळ्या राज्याने पाहिलं.

कळवा_पूर्व

साहेब, शिपाई बरोबर असला की नळावरची बाई बोलत नाही. म्हणून कळवत नाही.

पण उलटतपासणीचं तुमचं म्हणणं मला पटलंय, आणि पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला होता तरी पटलंय. मला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बोलवा. शाळेच्या रजिस्टरची प्रत, केसपेपर, कुठल्या तारखेला कुणाला भेटले, सगळं माझ्या वहीत आहे. सरकारी वकिलांनी दोन तास विचारावं. अकरा महिन्यांच्या करारावरची मुलगी तिथे उभी राहू शकत नाही, कारण खटला तिथवर पोचेपर्यंत ती नोकरीतच नसते. पक्की पदं मागते ती म्हणूनसुद्धा.

कोपरीचा_फौजदार (निवृत्त)

पिंजऱ्यात उभं राहायला तयार असाल तर माझा अर्धा विरोध मागे. उरलेला अर्धा ठेवतो. आमच्याकडे एका तपास अधिकाऱ्याच्या डोक्यावर गुन्ह्यांची चळत असते, प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिने जातात. पैसा आला तर आधी तिथे जावा, असं मला अजून वाटतं. आणि ऐरोलीच्या ताईंच्या घरी जाणारा माणूस त्याच दिवशी नेमा, ज्या दिवशी आरोपीच्या घरी जाणारा नेमाल. नंतर नाही.

ऐरोली_सेक्टर_चार

साहेब, धन्यवाद.

कुणी आलं असतं तर मी काय सांगितलं असतं, याचा काल रात्री विचार केला. तो रविवारी सकाळी दहावीला नापास झालेल्या पोरांना गणित शिकवायचा, आमच्या हॉलमध्ये, फुकट. सात पोरं होती. तो गेल्यावरच्या पहिल्या रविवारी ती आली, बाहेर चपला काढून बसली, आणि आईने त्यांना चहा दिला. दोघांनी परीक्षेचा फॉर्मच भरला नाही. हे मला न्यायाधीशांना सांगायचं होतं. कळव्याच्या ताई, तुमच्या अहवालाच्या नमुन्यात याला जागा आहे का?

कळवा_पूर्व

नाही. आरोपीचं घर, शिक्षण, नोकरी, व्यसन, शेजाऱ्यांचं मत, यांना जागा आहे. त्याच्यामुळे दुसऱ्यांचं काय गेलं याला नाही. सोमवारी ऑफिसात मी स्वतः ते पान टाइप करून जोडणार आहे. स्वीकारतील की नाही ते इथेच कळवीन. त्या सात जणांचं तुम्ही लिहिलंत तसंच, उदाहरण म्हणून घातलं तर चालेल का? नाव, पत्ता काही नाही.

ऐरोली_सेक्टर_चार

चालेल. चहाचंही घाला.