दोन दिवसांचं लंडन, सासू-सासऱ्यांना घेऊन

लीड्सहून

नमस्कार मंडळी,

साताऱ्याहून सासू-सासरे आलेत. पुढच्या शनिवार-रविवारी त्यांना लंडन दाखवायचंय. शुक्रवारी रात्री किंग्ज क्रॉसला उतरू, रविवारी संध्याकाळी परतीची गाडी. बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक, कितीही चालतील. आईंचे गुडघे दुखतात, जिना बघितला की त्या थबकतात. शिवाय आठ वर्षांचा लेक. नवऱ्याने १४ ठिकाणांची यादी केली आहे. त्यातलं काय ठेवू आणि काय गाळू? बाबांनी वाघनखांचं नाव काढलंय, ती कुठे बघायला मिळतील?

हॅरोहून

ताई, वाघनखं २०२४च्या जुलैमध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात गेली, आधी तुमच्या साताऱ्यातच. त्यासाठी तिकडे जाऊ नका. लेकासाठी मात्र जा. टिपू सुलतानाचा लाकडी वाघ तिथेच आहे, गोऱ्या शिपायाला फाडणारा. मुलं तिथून हलत नाहीत. प्रवेश फुकट.

प्रवासाचं लक्षात ठेवा: एका कार्डावर एकच माणूस. चौघांना एकच कार्ड टेकवत बसू नका. आई-बाबांना वेगवेगळी ऑयस्टर कार्डं (आधी पैसे भरून ठेवायची प्रवासाची कार्डं) घ्या आणि आत जाताना टेकवलेलंच बाहेर पडताना टेकवा. ११ वर्षांखालचं मूल मोठ्यांबरोबर ट्यूबने (म्हणजे भुयारी रेल्वेने) आणि बसने फुकट जातं. आईंसाठी शक्यतो बसच बघा, ट्यूबच्या बऱ्याच स्टेशनांवर जिने चुकत नाहीत. किंग्ज क्रॉस, पॅडिंग्टनसारख्या मोठ्या स्टेशनांवरची स्वच्छतागृहं फुकट आहेत, तिथे आठवणीने जाऊन घ्या.

राजवाड्यासमोरची पहारेबदली गाळा. तासभर गर्दीत उभं राहायचं आणि दिसतात पुढच्यांची डोकी. आईंना ते झेपणार नाही.

किलबर्नहून

माझ्याकडे २२ वर्षांत पाहुणे खूप येऊन गेले, म्हणून जरा सविस्तर लिहिते. १४ ठिकाणं विसरा. टॉवर आणि बिग बेन त्यांनी टीव्हीवर शंभरदा पाहिलेत. बसच्या वरच्या मजल्यावरून दिसतील तेवढे पुरेत. शनिवारचा पूर्ण दिवस एका कालव्याला द्या.

सकाळी वॉरिक अव्हेन्यू स्टेशनला उतरा. समोरच लिटल व्हेनिस, म्हणजे कालव्याचं रुंद पात्र, काठाला लांबट अरुंद बोटी, त्यांच्या टपावर कुंड्या. पूल ओलांडून हाउली प्लेस नावाच्या शांत गल्लीत शिरा. १० नंबरच्या घरावर निळी गोल पाटी आहे. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये इथे राहिले. चिरोल नावाच्या इंग्रज पत्रकारावर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी ते आले होते. खटला हरले, खर्चाने पार वाकले, तरी १९१९च्या अखेरीपर्यंत थांबून स्वराज्यासाठी इथल्या मजूर पक्षाच्या लोकांना भेटत राहिले. घर खासगी आहे, तेव्हा फुटपाथवरूनच बघायचं.

तिथून कालव्यातली वॉटरबस कॅम्डनपर्यंत जाते. जागा आधी राखून ठेवा. हिवाळ्यात ती रोज नसते. पाऊण तासाचा प्रवास, आईंना पायपीट नाही. वाटेत मेडा हिलचा बोगदा लागतो. आत अंधार, गार हवा आणि भिंतींवर पाण्याचा आवाज. लेकाला पुढची जागा द्या. पुढे प्राणिसंग्रहालयाच्या मधून बोट जाते. हा कालवा १८२० साली पूर्ण झाला. कोळसा, लाकूड, बर्फ सगळं यातून यायचं, घोडे काठाने बोटी ओढायचे. पुलांखालच्या लोखंडी खांबांना दोरांनी पडलेल्या खाचा अजून दिसतात, बाबांना जरूर दाखवा.

कॅम्डनला उतरल्यावर बाजारात अडकू नका, शनिवारी तिथे मुंगीला वाट नसते. चॉक फार्मकडे चला. दहा-पंधरा मिनिटांत किंग हेन्रीज रोड. १० नंबरच्या घरात डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहात होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेतलं, आता स्मारक आहे. प्रवेश फुकट, पण उघडण्याची वेळ आदल्या दिवशी बघून घ्या. मला हे घर फार जवळचं वाटतं. १९१७ मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून शिक्षण अर्धवट टाकून ते परत गेले, सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्राकडून उसने घेतले आणि १९२०च्या उन्हाळ्यात पुन्हा आले. टिळक लंडन सोडून गेले त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दोन्ही घरं वॉटरबसच्या याच प्रवासाच्या दोन टोकांजवळ आहेत.

घरापासून प्रिमरोझ हिल पाच-सात मिनिटांवर. चढ सौम्य आहे आणि बाक आहेत. अख्खं लंडन समोर दिसतं. डबा तिथेच खा.

रविवारी सकाळी ब्रिटिश म्युझियम. सगळं बघायचा हट्ट नको. आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाचे संगमरवरासारखे दिसणारे शिल्पपट बघा आणि मधल्या काचेच्या छताखालची गोल इमारत बघा. ती १८५७ची वाचनालयाची खोली, आंबेडकर तिथे वाचत बसायचे.

लीड्सहून

मावशी, किती छान! आंबेडकरांच्या घरात जिने असतील ना? आईंना खालीच बसवता येईल का?

किलबर्नहून

हो, जुनं घर आहे, जिने आहेत. खालचं दालन बघून त्या बसू शकतील. पण त्यांना विचारा, आपणच ठरवून टाकू नका.

लीड्सहून

मंडळी, काल रात्री परतलो. आधी मावशींना नमस्कार.

हाउली प्लेसला बाबा पाटीसमोर बराच वेळ गप्प उभे होते. मग त्यांनी लेकाला १९१८ची गोष्ट सांगायला घेतली, ती बोटीत बसेपर्यंत चालू होती. आईंनी मात्र घराकडे बघून पहिलं विचारलं, "इथे त्यांचा स्वयंपाक कोण करायचं गं?" बाबांनाही उत्तर देता आलं नाही. पुलाखालच्या खाचा लेकाला बाबांच्या आधी दिसल्या.

आंबेडकरांच्या घरी आईंना म्हटलं, तुम्ही इथे बसा. त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या, एक पायरी, मग दुसरा पाय त्याच पायरीवर, अशा वरपर्यंत गेल्या. वर खिडकीशी श्वास घेत म्हणाल्या, "तीस वर्षांचा पोरगा, एवढ्या थंडीत एकटा." मग प्रत्येक फोटोसमोर थांबल्या. आम्ही सगळे त्यांच्या मागे मागे. टेकडीवर जायला दोन वाजून गेले. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तिथल्या बाकावर बसून खाल्ली. आईंनी शेजारच्या गोऱ्या आजींनाही अर्धी दशमी दिली.

पुढच्यांसाठी: वॉटरबसच्या धक्क्यावर लवकर जा, पुढच्या जागा पहिल्यांदा भरतात. बोटीत उतरायच्या पायऱ्या उंच आहेत, कुणीतरी हात द्यायला हवा.

आता बाबांना परतण्याआधी सावरकर राहिले ते हायगेटचं इंडिया हाउस बघायचंय, ६५ क्रॉमवेल अव्हेन्यू. आर्चवे स्टेशनहून चढ किती आहे? आईंना जमेल का?

किलबर्नहून

चढ चांगलाच आहे. चालवू नका, आर्चवेहून टॅक्सी करा. निघायच्या आदल्या दिवशी कळवा, मी स्टेशनवर येते. आईंच्या हातची ती चटणी थोडी माझ्यासाठीही आणा.