मदत हवी आहे: बोअरचं जड पाणी आणि कमी दाब, कोणतं वॉशिंग मशीन टिकेल?

जुनं टॉप लोड मशीन आता बदलायचंच आहे. ड्रमचं बेअरिंग गेलंय आणि दुरुस्तीचा खर्च परवडण्यासारखा नाही. घरात पाच माणसं, त्यात आईच्या सुती साड्या आणि चादरी, म्हणून आठ किलोचं घ्यावं म्हणतोय. बजेट ३५,००० पर्यंत. ड्राय बाल्कनीत ६० सेंमी रुंद जागा आहे.

खरी अडचण पाण्याची. वापराचं पाणी बोअरचं, बादलीवर पांढरा थर बसतो. शिवाय आम्ही सर्वात वरच्या मजल्यावर, टाकी नळापासून जेमतेम दोन मीटर उंच. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो, म्हणजे आमच्याकडे ०.२ बारच. बऱ्याच फ्रंट लोडना किमान ०.३ ते ०.५ बार लागतो. इनलेटची जाळी साफ करून पाहिली, धार वाढली नाही. प्रेशर पंपाला सोसायटीची परवानगी नाही. सेमी ऑटोमॅटिक नको, आईला ओले कपडे उचलून दुसऱ्या टबात टाकणं झेपत नाही.

दुकानदार फ्रंट लोडचाच आग्रह धरतोय. मला मात्र हीटरवर क्षार साचण्याची धास्ती वाटते. अशाच पाण्यावर पाच-सहा वर्षं नीट चाललेलं फुल्ली ऑटोमॅटिक कोणाकडे आहे का? असल्यास मॉडेल कोणतं, आणि डिस्केलिंग पावडर किती दिवसांनी वापरता?