गेट पुन्हा द्यावी का? सोमवारपर्यंत ठरवायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी मेकॅनिकलची, वय २७. राहते कळव्याला, नोकरी महाप्याला. यंदा फेब्रुवारीत पहिल्यांदा गेट, म्हणजे एम.टेक.ची प्रवेश परीक्षा, दिली. १०० पैकी ४७ गुण, स्कोअर ५२०. एम.टेक. थर्मलमध्ये (उष्णतेशी संबंधित शाखा) करायचं होतं. सीसीएमटीत (एम.टेक.च्या केंद्रीय प्रवेशफेऱ्या) थर्मलच्या जागा माझ्या स्कोअरच्या वरच भरल्या आणि आता हातात एका एनआयटीतली प्रॉडक्शनची जागा आहे. ती घ्यायची, की सोडून पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा बसायचं? घरात तीन दिवस दुसरा विषय नाही, म्हणून ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांना विचारतेय.

थर्मलच का, ते आधी सांगते, कारण "ब्रँच काय, डिग्री मिळाल्याशी मतलब" असं बरेच जण म्हणतात. मी डेटा सेंटरच्या कूलिंगचं काम करते. आपल्याकडे ऐरोली-महापे पट्ट्यात ही सेंटर्स किती उभी राहिली आहेत ते इथल्या लोकांना दिसतंच. आमचं काम म्हणजे हीट लोड काढायचा, कॅटलॉग उघडायचा, त्यात बसेल ते युनिट निवडायचं. चार वर्षं हेच. मे महिन्यात एका साइटवर रॅकच्या रांगेसमोर उभी होते. घोट्याला गार हवा लागत होती आणि हात डोक्यावर नेला की तळहाताला गरम झुळूक. मागून बाहेर पडलेली गरम हवा वरून वळसा घालून पुन्हा पुढे येत होती, आणि वरचे सर्व्हर तीच ओढून घेत होते. आमच्या शीटमध्ये याला रकानाच नाही. सीनिअरनी एक युनिट वाढवलं आणि फाइल बंद झाली. ती हवा तशी का वळते, आणि एक युनिट न वाढवता ती कशी थांबवता आली असती, हे मला शिकायचंय. प्रॉडक्शनमध्ये ते मिळणार नाही.

आता पेपरबद्दल. रिस्पॉन्स शीट आणि अंतिम उत्तरं आल्यावर एक रविवार बसून सगळं जुळवलं. दोन गुणांचे सहा एमसीक्यू (पर्याय निवडायचे प्रश्न) चुकले, म्हणजे निगेटिव्ह मार्किंगचे वजा ४. एका गुणाचे तीन, वजा १. पाच गुण निव्वळ अंदाजाने टिक करून घालवले. अ‍ॅप्टिट्यूडच्या १५ पैकी ८, कारण तिकडे मी लक्षच दिलं नव्हतं. आणि एक चूक अजून झोपू देत नाही. हीट एक्स्चेंजरचं गणित होतं, एका टोकाला ४० अंशांचा फरक, दुसऱ्या टोकाला २०. एलएमटीडी, म्हणजे या दोन फरकांची लॉगने काढलेली सरासरी, काढायचा, २० भागिले एलएन (नैसर्गिक लॉग) २, उत्तर २८.८५. घरी सगळा सराव हातातल्या कॅल्क्युलेटरवर केलेला, तिथे स्क्रीनवरचा, माउसने एकेक बटण दाबायचं. घाईत एलएनच्या जागी लॉग दाबलं गेलं आणि ६६.४४ आलं. मी ते तसंच भरलं. उत्तर २० आणि ४०च्या मधलंच यायला हवं, हे मी ऑफिसात नव्या मुलांना समजावते.

म्हणून वाटतं की पुन्हा दिली तर ६० तरी पडतील. पण खात्री देता येत नाही, आणि खरी अडचण गुणांची नाही, वेळेची आहे. सकाळी ७.४०ला घर सोडते. कळव्याहून ठाणे, पूल चढून नऊ-दहा नंबरवरून ट्रान्स हार्बर, कोपरखैरण्याला उतरून शेअर रिक्षा. घरी यायला साडेआठ. जेवून अकरापर्यंत पुस्तक उघडं असतं, पण डोकं उघडं असतंच असं नाही. मागच्या वर्षी थर्मो, फ्लुइड, हीट ट्रान्सफर मन लावून झालं. मशीन डिझाइन, टीओएम (थिअरी ऑफ मशीन्स), मॅन्युफॅक्चरिंग शेवटच्या तीन आठवड्यांत कोंबलं.

घरची बाजूही सांगायला हवी. बाबा येत्या मार्चमध्ये निवृत्त होतील, घराचा हप्ता अजून आहे. एम.टेक.ला स्टायपेंड महिन्याला १२,४००. तो हॉस्टेल-मेसमध्ये जाईल, घरी काही पाठवता येणार नाही. दादा म्हणतो, जायचंच तर यंदा जा, पुढच्या वर्षी निघणं आणखी अवघड होईल. आई म्हणते, मनाविरुद्धचं दोन वर्षं शिकून काय करशील? मला दोघांचंही पटतं, तिथेच अडले आहे.

गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यामुळे पुढच्या वेळी कमी पडले तरी ५२० जात नाही, हे माहीत आहे. जाते ती ही जागा. (बीएआरसी, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रातली नोकरी, कृपया सुचवू नका, तिथली २६ वर्षांची अट मी ओलांडली आहे.)

मला हे हवंय: नोकरी करत दुसऱ्यांदा गेट देऊन ज्यांचे गुण खरंच वाढले, त्यांनी दिवसाचा वेळ कुठून काढला? प्रॉडक्शनमध्ये प्रवेश घेऊन थर्मलच्या सरांकडे प्रोजेक्ट करता येतो का, की ते फक्त बोलायला? आणि पवईला आयआयटीत तीन वर्षांचं जे आरए (रिसर्च असिस्टंट म्हणून काम करत एम.टेक.) असतं, त्यासाठी ५२०वर कुणाला बोलावणं आलं आहे का?

भर, शनिवार रात्र: एवढ्या पटकन इतक्या जणांनी लिहिलंत, मनापासून आभार. व्हीजेटीआय कॉलेज आणि राज्याच्या कॅप (प्रवेश) फेरीचं सुचवणाऱ्यांचे विशेष. गेटवाल्यांना तिथे प्राधान्य असतं हे माहीत होतं, पण घरून माटुंग्याला जाऊन शिकता येईल हा विचारच केला नव्हता. उद्याच माहितीपुस्तिका वाचते.

तिघांनी एकच विचारलंत, की या खेपेला वेगळं काय करणार? खरं सांगायचं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेच ७.४०, तेच साडेआठ, म्हणजे गुणही तेवढेच. म्हणून सोमवारी सकाळी सर्वांत आधी साहेबांना विचारणार आहे, डिसेंबर-जानेवारीत सहा आठवडे बिनपगारी रजा द्याल का. लेखी हो म्हणाले तर प्रॉडक्शनची जागा सोडते. नाही म्हणाले तर संध्याकाळपर्यंत कागदपत्रं भरते आणि तिथल्या थर्मलच्या सरांना मेल करते.

काय झालं ते इथेच लिहीन. आरएच्या मुलाखतीचा अनुभव असणाऱ्यांनी तोवर व्यनि (खासगी निरोप) केलात तर फार मदत होईल.