छोट्या धंदेवाल्यांनी शाळेला मदत करायची तर नेमकी कशी?

फर्निचरवाला:
नमस्कार मंडळी. आमचं फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे, मोजकीच माणसं. जवळच्या शाळेसाठी काहीतरी करायचं असं खूप दिवस डोक्यात आहे आणि ओळखीतला एक इलेक्ट्रिशियन आणि हिशेबाची कामं करणाऱ्या एक ताई पण तयार आहेत. पण गाडी अडते ती इथेच, एक म्हणतो वह्या वाटू, दुसरा म्हणतो एक रविवार जाऊन भिंती रंगवून येऊ. मला मनापासून वाटतं की आपल्या हाताला जे येतं तेच द्यावं, पण शाळेला ते हवंय का हे कसं कळणार? आणि हातातलं काम सोडून जायचं तर किती वेळ झेपतो? अनुभव असेल तर सांगा प्लीज.

गणिताच्या बाई:
दादा, आधी शाळेत जाऊन विचारा, आणि फक्त मुख्याध्यापकांना नको, शिपाईकाका आणि लायब्ररी बघणाऱ्या बाईंना पण विचारा, कारण कुठला बाक डगमगतो, कुठल्या वर्गातला पंखा आवाज करतो हे त्यांना तोंडपाठ असतं. भिंती रंगवायला सगळे येतात हो, पण वरून गळत असेल तर तो रंग पुढच्या पावसात पोपडे धरून खाली येतो. कॉम्प्युटरचंही तेच, दान मिळतात, फोटो होतात, मग एक बंद पडला की दुरुस्तीला माणूस नाही म्हणून खोलीला कुलूप. आम्हाला वस्तूपेक्षा पुन्हा येणारा माणूस हवा असतो, हे अगदी कळकळीने सांगते. तुमचा इलेक्ट्रिशियन दर दोन महिन्यांनी एक चक्कर मारून वायरिंग बघून गेला ना तरी खूप झालं.

छापखाना_ऑफसेट:
बाईंशी शंभर टक्के सहमत. आम्ही शाळेत छापलेला पण न कापलेला मोठा कागद घेऊन जातो. त्यावर १६ पानं असतात, एका बाजूला ८ आणि दुसऱ्या बाजूला ८, अर्धी सुलटी अर्धी उलटी, आणि आकडे बघितले तर १ च्या शेजारी १६, ४ च्या शेजारी १३, मुलांना वाटतं छपाईच चुकलीय. मग तोच कागद तीनदा दुमडायला सांगायचा, कडा कापायच्या, आणि पानं उलटली की १ ते १६ ओळीने हजर! त्यात कुणीतरी पोर ओरडतंच की शिवणीच्या घडीला जोडलेल्या शेजारच्या दोन पानांची बेरीज कायम १७ येतेय. एक तास, खर्च जवळपास नाही, आणि मुलं पुढे कितीतरी वेळ जुन्या वह्यांची शिवण उसवून बघत बसतात. सुतारकामात तर मापं, कोन, सांधे, किती काय काय आहे बघा.

चष्मा_आणि_पुस्तक:
हे काही आजचं नाही. रोटरी १९०५ साली शिकागोत सुरू झाली ती धंदा-व्यवसाय करणाऱ्यांच्या आपसातल्या ओळखीसाठी, आणि त्यांचं सुरुवातीचं समाजोपयोगी काम कुठलं तर शहरात सार्वजनिक शौचालय व्हावं म्हणून केलेली धडपड. लायन्सची स्थापना १९१७ची, १९२५ मध्ये स्वतः अंध-बधिर असलेल्या लेखिका हेलन केलर यांनी त्यांच्या अधिवेशनात येऊन अंधांसाठी काम करा असं आवाहन केलं आणि त्या संस्थेने ते आजपर्यंत धरून ठेवलंय. ज्युनियर अचीव्हमेंट १९१९ पासूनची, तिथे नोकरी-धंद्यातली माणसं मुलांना व्यवहार शिकवायला येतात. मला यात मोठी गोष्ट वाटते ती चिकाटीची. एकच काम धरा आणि सोडू नका.

स्वयंसेवक_समन्वय:
थोडं रोखठोक बोलतो. मुलांसोबत बाहेरचा माणूस कधीही एकटा नको, वर्गात शिक्षक हवेतच, आणि हे तुम्हीच आधी सांगा म्हणजे शाळेलाही अवघड वाटत नाही. पालकांची परवानगी नसेल तर मुलांचे फोटो टाकू नका. बॅनर, स्टॉल, पत्रकं वर्गात नकोत, शाळेने स्वतःहून आभार मानले तर आनंदाने घ्या. वेळेचं म्हणाल तर छोट्या धंद्यात एक माणूस दिवसभर गेला की सगळं काम खोळंबतं, म्हणून महिन्यातून एकच तास, दिवस ठरलेला, आणि आज एक तर पुढच्या वेळी दुसरा. जमत नसेल तर आदल्या दिवशी फोन करा, मुलं वाट बघत असतात हो. आणि त्या हिशेबवाल्या ताईंना वाचनालयाच्या किंवा वस्तीतल्या एखाद्या गटाच्या जमाखर्चाची वही लावून द्यायला सांगा, अशा ठिकाणी पैशापेक्षा नीट वही नसल्यामुळे कामं अडतात.

फर्निचरवाला:
सगळ्यांचे खूप आभार, डोक्यातला गोंधळ बराच कमी झाला. याच आठवड्यात शाळेत जाऊन शिपाईकाकांबरोबर सगळे बाक तपासतो. विचार असा आहे की दुरुस्ती करताना मोठी मुलं सोबत घ्यावीत, डगमगणारा पाय का डगमगतो, सांधा कुठे ढिला झालाय हे त्यांना हाताने कळेल. मशीन अजिबात नेणार नाही, फक्त हातोडी, गुण्या, पॉलिशपेपर आणि गोंद. चालेल ना बाई?

गणिताच्या बाई:
चालेल काय, धावेल! फक्त गोंद सुकायला रात्र लागते, तर शाळा सुटायच्या आधीचा शेवटचा तास मागून घ्या, आणि दुरुस्त बाकांवर खडूने खूण करा म्हणजे सकाळपर्यंत कुणी बसणार नाही.